सेलबोर्नचा उबदार फेब्रुवारी

कानटोपी आणि हातमोजे घरीच राहू द्या. इंग्लंड, तेही फेब्रुवारीत, म्हणून तुम्ही बॅग भरायला घेतली असेल. पण आज जिथे उतरायचं आहे तिथे खांद्यावर एक घोंगडी असली की पुरे. मोबाइल नको. घड्याळही काढून ठेवा. तुमच्या अवताराकडे बघून ते चोरलेलं आहे असंच लोकांना वाटेल. बूट मात्र जुने घाला, चिखलात रुतले तरी जीव हळहळणार नाही असे. आणि एक अट आधीच सांगतो. तिथे गेल्यावर तुम्हाला जे ठाऊक आहे ते कुणालाही सांगायचं नाही. ही अट पाळणं थंडी सोसण्यापेक्षा अवघड जाईल.

साल १७७९, फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. लंडनच्या नैऋत्येला पन्नासेक मैलांवर, हॅम्पशर परगण्यातलं सेलबोर्न हे खेडं.

तुम्ही उतरता ते एका अरुंद घळीत. हा ओढा असावा असं वाटतं, पण चिखलात गाडीच्या चाकोऱ्या दिसतात. हा आल्टनला जाणारा रस्ता आहे. शेकडो वर्षं चाकं, खूर आणि पावसाचं पाणी मऊ दगड खात गेले आणि रस्ता खाली खाली बसत गेला. काही ठिकाणी तो वरच्या शेतांपेक्षा सोळा-अठरा फूट खोल आहे. दोन्ही अंगच्या दरडींतून झाडांची मुळं बाहेर लोंबताहेत, पडक्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळाची लोंबतात तशी. नेच्यांच्या झुबक्यांवरून पाणी ठिबकतंय. तुम्ही सवयीने तोंडातून वाफ निघते का ते बघता. निघत नाही. चार पावलं चालल्यावर घोंगडी खांद्यावरून काढून हातावर घ्यावी लागते.

याच रस्त्याने तीन वर्षांपूर्वी काय पाहिलं ते आठवा. जानेवारी १७७६ मध्ये असल्या घळी बर्फाने कुंपणांच्या वरपर्यंत भरल्या होत्या. ३१ जानेवारीला सूर्योदयाआधी सेलबोर्नमधला पारा बरोबर शून्य फॅरनहाइटवर उतरला होता. आपल्या भाषेत उणे १७.८ अंश सेल्सिअस. हा आकडा आपल्यापर्यंत आला, कारण गावातल्या एका माणसाने अंधारात उठून थर्मामीटर वाचला आणि लिहून ठेवला. गिल्बर्ट व्हाइट त्याचं नाव. पाद्री, अविवाहित, या फेब्रुवारीत वय अठ्ठावन्न. १७५१ पासून तो बागेची वही लिहितोय आणि १७६८ पासून निसर्गाची रोजनिशी: तापमान, वारा, पाऊस, कुठलं फूल उमललं, कुठला पक्षी ओरडला. त्याचं पुस्तक छापून यायला अजून जवळजवळ दहा वर्षं आहेत. आज तो फक्त या गावात राहणारा, थोडा विक्षिप्त वाटणारा धर्मगुरू आहे.

दरडीच्या पायथ्याशी वाका. हिरवट फुलांचा एक ठेंगणा झुपका दिसेल. हा हिरवा हेलेबोर. शरद ऋतूत हा जमिनीत पार नाहीसा होतो आणि फेब्रुवारीच्या सुमाराला माती फोडून वर येतो. पानं धड उलगडलेलीही नसतात तोवर फुलून मोकळा होतो. फूल पानाच्याच रंगाचं, मान खाली घातलेलं. बोटाने हनुवटी धरून वर करावं लागतं, शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलाची करतात तशी. आत पिवळसर पुंकेसरांची गर्दी, आणि तिच्यात एक माशी घुटमळतेय. माशीने आज बाहेर असायला नको होतं.

वळणावर धूर दिसतो. काटक्या वाकवून त्यावर कांबळी टाकलेले दोन तंबू, एक खंगलेलं घोडं, तीन पोरं. गावकरी यांना जिप्सी म्हणतात. वर्षातून दोन-तीनदा यांची फेरी या बाजूला होते. इतर भिकारी थंडीत गोठ्याचा, कोठाराचा आसरा धरतात. ही माणसं भर हिवाळ्यातही उघड्यावरच मुक्काम करतात, याची नोंद व्हाइटने केलेली आहे. त्यांच्या एका कुळाच्या नावाचा शेवट त्याला ग्रीक वळणाचा वाटला होता, म्हणून ही मंडळी पूर्वेकडून, ग्रीसच्या बाजूने आली असावीत असा त्याचा कयास.

तुम्ही जवळून जाता. शेकोटीपाशी बसलेली बाई मोठ्या पोराला काहीतरी फर्मावते आणि त्या वाक्यातला एक शब्द तुमच्या कानाला टोचतो.

पानी.

पोरगं रिकामं मडकं उचलून झऱ्याकडे पळतं. मागे धाकटी खडे मोजत बसली आहे: येक, दुई, त्रिन... पाचाला ती ‘पांश’ म्हणते. तुम्ही थबकता. बाई तुमच्याकडे बघते. चेहऱ्याच्या रंगावरून तिला तुम्ही परके वाटत नाही. तिच्याजवळ बसावं, नाकाला हात लावून ‘नाक’ म्हणावं, कानाला हात लावून ‘कान’ म्हणावं आणि तिचा चेहरा बघावा, असं फार वाटतं. तिच्या भाषेतही नाकाला नाक आणि कानाला कानच म्हणतात. पण अट आठवा. या घडीला युरोपातल्या एकाही छापील पुस्तकात या लोकांची भाषा हिंदुस्थानातली आहे असं सिद्ध केलेलं नाही. आणखी तीन वर्षांनी, १७८२ मध्ये, र्‍यूडिगर नावाचा जर्मन अभ्यासक ते करील. तेही एका रोमा, म्हणजे जिप्सी बाईकडून वाक्यं वदवून, लिहून घेऊन, हिंदुस्तानीशी ताडून. तोवर ‘पानी’ हा शब्द इथल्या रस्त्यांवरून रोज बोलला जाईल आणि तो कुठून आला हे बोलणाऱ्यालाही माहीत नसेल, ऐकणाऱ्यालाही.

पुढे चला.

घळ संपते आणि गाव लागतं. एकच लांबलचक रस्ता, गवताने शाकारलेली घरं, चर्चसमोर मोकळं मैदान. चर्चच्या आवारात यू वृक्ष आहे. त्याच्या बुंध्याला व्हाइटने फीत लावून पाहिली होती: घेर तेवीस फूट. खालची एक फांदी हलकेच हलवा. पिवळी धूळ भस्सकन उडते आणि हवेत तरंगत राहते, भंडारा उधळल्यासारखी. नराचं झाड आहे. हा परागाचा धूर खरा वसंतातला, पण यंदाच्या हवेत झाडाला धीर धरवलेला दिसत नाही. हे झाड १९९० च्या जानेवारीतल्या वादळात आडवं होणार आहे. आवारात दोन म्हातारे उन्हाला पाठ देऊन बसलेत. तेही आज तुमच्यासारखेच कोट काढून मांडीवर घेऊन बसले आहेत.

रस्त्यापलीकडचं ते घर, ‘द वेक्स’, व्हाइटचं. मागच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी बांधलेला मोठा दिवाणखाना. दार ठोठावू नका. बागेच्या कडेने जाऊन मागच्या टेकडीकडे वळा.

टेकडी चुनखडीची. गावाच्या डोक्यावर तीनशे फूट उभी, आणि तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत बीच वृक्षांचं रान. उतारावरच्या अशा रानाला इथे हँगर म्हणतात. सरळ चढणं अवघड, म्हणून १७५३ मध्ये गिल्बर्ट आणि त्याचा भाऊ जॉन यांनी स्वतः उभं राहून इथे नागमोडी पायवाट काढून घेतली. तिचं नावच झिगझॅग. कळसूबाईच्या शिड्या चढलेल्या पायांना ही चढण म्हणजे काहीच नाही, पण खालची ओली पानं आणि पांढरी, साबणासारखी निसरडी माती यांच्यावर विसंबू नका.

बीच हे व्हाइटचं सगळ्यांत लाडकं झाड. हात लावून बघा. साल राखाडी, गुळगुळीत; फांदी फुटते तिथे हत्तीच्या पायाला पडतात तशा वळ्या. आपल्या पानगळीच्या जंगलात साग, ऐन, मोह निष्पर्ण झाले की ऊन थेट जमिनीवर येतं आणि सगळं कोरडं, कुरकुरीत होतं. इथेही ऊन जमिनीवर येतं, पण तिरपं आणि पातळ, ताकात पाणी घातल्यासारखं. जमीन तांब्याच्या रंगाची. पानांचा थर पायाखाली वाजत नाही, दबतो. कोवळ्या झाडांनी गेल्या वर्षीची वाळकी पानं अजून सोडलेली नाहीत. वारा आला की कागद चाळल्याचा आवाज होतो. काडीच्या टोकाला लांबट, दालचिनी रंगाच्या, सुईसारख्या टोकदार कळ्या आहेत. एक चिमटीत धरून बघा. घट्ट आहे. या उबेला बीच भुलत नाही. दिवस पुरेसा मोठा झाल्याशिवाय तो कळी सोडत नाही.

भुललेत ते खालचे. हेझलच्या झुडपांवर पिवळे तुरे लोंबताहेत, बाजरीच्या बारीक कणसांसारखे. उताराच्या सावलीत मेझेरियनचं झुडूप आहे. अंगावर एक पान नाही आणि काड्यांना चिकटून गर्द गुलाबी फुलं, आपला पळस फुलतो तसा, निष्पर्ण आणि निर्लज्ज. वास इतका गोड की दोन वळणं आधीच तुम्हाला वाटलं होतं कुणीतरी अत्तर लावून गेलंय. पलीकडे उग्र वासाचा दुसरा हेलेबोर. गावातल्या बाया त्याच्या पानांची पूड जंतांवर पोरांना देतात. औषध जालीम आहे, जपून द्यावं, असं व्हाइट बजावतो. वावडिंग आणि कडुनिंब पोटात गेलेल्या तुमच्या बालपणाला यात नवल वाटणार नाही.

थांबा. वर ऐका.

उंच शेंड्यावर कस्तूर गातोय. आपल्याकडचा शीळकरी कस्तूर पावसाळी पहाटे कोकणकड्यावर रेंगाळत, सूर शोधत शीळ घालतो. हा तसा नाही. हा एक लकेर घेतो, तीच पुन्हा घेतो, हवी तर तिसऱ्यांदा घेतो आणि मग दुसरीकडे वळतो, शिष्याकडून पाठ करून घेणाऱ्या गुरुजींसारखा. मध्येच वल्गुलीचे दोन सूर, करवतीला धार लावल्यासारखे. बुंध्यावरून शिलींध्री खाली डोकं करून उतरते. आणि तुमच्या बाजूने, पुरुषभर उंचीवरून, एक लिंबाच्या रंगाचं फुलपाखरू जातं. ब्रिमस्टोन. फेब्रुवारीत.

हे सगळं सुंदर आहे. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. जानेवारी १७७६ ची थंडी ज्यांनी काढली, त्यांना या उबेचं मोल तुमच्यापेक्षा जास्त कळतं: सरपण वाचलं, गुरांचा चारा पुरला, म्हातारी माणसं उन्हात बसली.

वर पोचलात की त्या मोठ्या उभ्या दगडाला टेकून दम खा. खाली गावाचा धूर, पलीकडे वूल्मरचा उघडा माळ. हवा स्वच्छ आहे, पण दिसतं ते एवढंच. बाकीचं जग इथे उशिरा पोचतं.

आता तुमचं मन कुठे गेलं ते मी सांगू शकतो. बरोबर एक महिन्यापूर्वी, मुंबईहून पुण्यावर चालून आलेली कंपनीची फौज तळेगावहून मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या कचाट्यात सापडली. १६ जानेवारीला इंग्रजांना तह करावा लागला. पुढे कंपनीने तो झिडकारला ही गोष्ट वेगळी. पण या घडीला तो झालेला आहे आणि या टेकडीवर ते फक्त तुम्हाला माहीत आहे. बातमीचं जहाज अजून समुद्रात आहे, आफ्रिकेला वळसा घालायचाय. तशीच दुसरी. गेल्या रविवारी, १४ तारखेला, हवाईच्या किनाऱ्यावर कॅप्टन कुक मारला गेला. लंडनला हे कळायला पुढचा जानेवारी उजाडेल. आज संध्याकाळी इथे कुणी त्याच्या नावाने पेला उंचावला, तर गप्प बसायचं.

आणि खुद्द व्हाइटला छळणारा प्रश्न? स्वॅलो, म्हणजे आपली माळभिंगरी, हिवाळ्यात कुठे जाते? लिनियससारखा मोठा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून गेला, पाण्याखाली. व्हाइटचा भाऊ जॉन जिब्राल्टरला होता; त्याने पक्ष्यांना सामुद्रधुनी ओलांडताना पाहिलंय. तरी व्हाइटचं मन पुरतं मानत नाही. काही तरी इथेच, याच हँगरच्या झुडपांत, दरडींच्या भोकांत निपचित पडून राहत असतील, अशी शंका त्याला आयुष्यभर पुरली. या उबदार फेब्रुवारीत आभाळाकडे बघा. माश्या आहेत, फुलपाखरू आहे, माळभिंगरी नाही. निपचित असती तर आजच्या दिवशी जागी झाली असती की! उत्तर जिभेवर येतं: ६ मे १९११ ला स्टॅफर्डशरमध्ये एका माळभिंगरीच्या पायात कडी घालतील आणि २३ डिसेंबर १९१२ ला ती कडी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडेल. गिळा ते उत्तर. उतरायची वेळ झाली.

खाली येईपर्यंत तिन्हीसांजा होतात. बागेच्या वर एक वटवाघूळ गिरक्या घेतंय. हिवाळ्याच्या कुठल्याही महिन्यात पारा ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या वर गेला की वटवाघूळ जागं होऊन चरायला बाहेर पडतं, हेही व्हाइटनेच टिपून ठेवलंय. म्हणजे तुमच्याकडे थर्मामीटर नसला तरी आजचं तापमान आभाळात लिहिलेलं आहे.

एका झोपडीचं दार उघडं आहे. आत चिमट्यात तिरपी धरलेली एक काडी जळतेय. ही लव्हाळ्याची वात. उन्हाळ्यात लव्हाळे कापायचे, भिजवायचे, मग सोलायचे. पण पूर्ण नाही, आतल्या गाभ्याला आधार म्हणून सालीची एक बारीक पट्टी वरपासून खालपर्यंत अखंड ठेवायची. गवतावर पसरून दवात आणि उन्हात ठेवायचे आणि शेवटी उकळत्या चरबीत बुडवायचे. पूर्ण आंधळी म्हातारी हे काम झपाट्याने, क्वचितच चुकत करताना व्हाइटने पाहिलीय. पाद्री असला तरी हिशोबाला पक्का: एक पौंड वाळल्या लव्हाळ्यांत सोळाशेच्या वर काड्या, सगळा खर्च तीन शिलिंग, म्हणजे गरिबाला पाव पेनीत साडेपाच तास उजेड. आत बाई काडी पुढे सरकवते, तिच्या उजेडात मोजा शिवते. तिला कुणी विचारलं, यंदाचा फेब्रुवारी कसा, तर ती म्हणेल, बरा गेला.

तिला, व्हाइटला, चर्चच्या आवारातल्या त्या दोन म्हाताऱ्यांना, कुणालाही कळलेलं नाही की ते काय जगताहेत. ते कळायला पावणेदोनशे वर्षं लागली. १९५० च्या दशकात गॉर्डन मॅनली या हवामान-अभ्यासकाने जुन्या रोजनिश्या आणि जुन्या तापमापकांच्या नोंदी जुळवत मध्य इंग्लंडच्या मासिक तापमानाची माळ ओवली. पुढे ती १६५९ पर्यंत मागे गेली. त्या माळेत फेब्रुवारी १७७९ ची सरासरी निघाली ७.९ अंश. एरवी तिथला फेब्रुवारी चारच्या आसपास असतो. साडेतीनशेहून अधिक वर्षांतला तो सर्वांत उबदार फेब्रुवारी ठरला, आणि आजही आहे. २०२४ चा फेब्रुवारी ७.८ पर्यंत येऊन थांबला.

परत आलात? बूट दाराबाहेर काढा.

आता कुणीतरी म्हणेलच, ‘बघा, अडीचशे वर्षांपूर्वीही उकडत होतं, उगाच तापमानवाढीचा बाऊ!’ त्याला त्याच माळेतला पुढचा मणी दाखवा: लगेचच्या जानेवारीत, १७८० मध्ये, सरासरी शून्याच्या खाली गेली. १७७९ चा फेब्रुवारी दोन गारठ्यांमधला एकटा सुळका होता. आताचे उबदार महिने एकटे येत नाहीत, एकामागून एक येतात. पण हा फरक एका सहलीत दिसत नाही. हँगरवर उभं राहून तुम्हाला काय जाणवलं? ऊब, गोड वास, एक फुलपाखरू. बरा गेला, एवढंच.

आपण तरी वेगळं काय म्हणतो? २०२३ च्या फेब्रुवारीत भारताचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक ठरलं. तुमच्या अंगणातल्या आंब्याने त्या वर्षी मोहर कधी धरला, आठवतं? पळस कधी फुलला? विजेच्या तारेवर माळभिंगऱ्यांची पहिली रांग कधी दिसली आणि शेवटची कधी? पाऱ्याची नोंद वेधशाळा ठेवते. तुमच्या अंगणातल्या झाडाची नोंद दुसरं कुणी ठेवणार नाही.

त्यासाठी व्हाइट व्हायला नको. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर आहे. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख आपण त्याच्या चौकोनांत लिहितोच. त्याच चौकोनात दोन शब्द आणखी मावतात: ‘मोहर दिसला’. आजपासून लिहा. आणि डिसेंबर संपला की ते कॅलेंडर रद्दीत देऊ नका.